सोनेरी खडीतलं अभ्रक

बंगल्यांच्या बागेत, हॉटेलांच्या दारात, झाडांच्या बुंध्यांभोवती हल्ली चमचमणारी सोनेरी-रुपेरी खडी पसरलेली दिसते. तिच्यावर चमकी फवारलेली असते असं काहींना वाटतं, तर काहींना तिच्यात सोन्याचा अंश असल्याची खात्री असते. अभ्रकी शिस्ट या खडकाच्या खडीला चमकीही लागत नाही आणि सोनंही. ती झळाळी अभ्रकाची असते. काळं अभ्रक हवापाण्याने झिजलं की पिवळसर सोनेरी होतं, त्यामुळे फसगत आणखी वाढते.

अशा फसगतीचा इतिहास मोठा आहे. मार्टिन फ्रोबिशर या इंग्रज दर्यावर्द्याने 1578 साली कॅनडाच्या बॅफिन बेटाजवळून हजार टनांहून अधिक चकाकता काळा दगड सोन्याचं खनिज समजून इंग्लंडला आणला. सोनं निघालं नाही आणि त्या दगडाची अखेर रस्त्याची खडी झाली. खरं तर परीक्षा सोपी आहे. सुईने दाबलं की सोनं चेपतं, अभ्रकाचा पापुद्रा सुटतो. सोन्याचा पिवळा रंग सावलीतही तसाच राहतो, अभ्रक मात्र ठरावीक कोनातच लखलखतं.

हा पापुद्रा सुटतो कसा, हा मला खनिजशास्त्रातला सर्वांत देखणा हिशेब वाटतो. एका सिलिकॉन अणूभोवती चार ऑक्सिजन बसले की चतुष्फलक, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंचा आकार, तयार होतो. असे चतुष्फलक तीन-तीन कोपरे एकमेकांत वाटून घेत षटकोनी जाळी विणतात. पांढऱ्या अभ्रकात अशा दोन जाळ्या समोरासमोर येतात आणि मधले ॲल्युमिनियमचे अणू त्यांना घट्ट सांधतात. झाला एक पापुद्रा, जाडी जेमतेम 1 नॅनोमीटर.

पण जाळीतल्या दर चार सिलिकॉनांपैकी एकाची जागा ॲल्युमिनियमने घेतलेली असते. सिलिकॉनचा विद्युतभार +4, ॲल्युमिनियमचा +3. म्हणजे दर अदलाबदलीमागे एक धन भार कमी पडतो आणि पापुद्रा ऋणभारित होतो. ती तूट भरायला दोन पापुद्र्यांच्या मध्ये +1 भाराचे पोटॅशियम आयन, म्हणजे भारित अणू, येऊन बसतात. प्रत्येक पोटॅशियमभोवती 12 ऑक्सिजन असतात, तेव्हा त्याचा एकुलता भार बाराजणांत वाटला जातो. प्रत्येकाच्या वाट्याला 1/12. सिलिकॉन मात्र आपले चार भार चारच ऑक्सिजनांना देतो, प्रत्येकी पूर्ण 1. म्हणून अभ्रक नखाने उचकटलं तरी नेमकं पोटॅशियमच्या पातळीवर सुटतं आणि उघडा पडलेला पृष्ठभाग अणूंच्या मापातही सपाट असतो. डीएनएचे रेणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे तर ते अशा ताज्या सोललेल्या अभ्रकावर पसरतात.

ही अदलाबदल झालीच नाही तर भार नाही, पोटॅशियमही नाही. मग मिळतं शंखजिऱ्यासारखं मऊ खनिज, बोटांत चुरडणारं. दुप्पट झाली तर पोटॅशियमऐवजी +2 भाराचं कॅल्शियम येतं, पकड घट्ट होते आणि पापुद्रा लवत नाही, तुटतो. लवचिक, पारदर्शक पातळ पत्रे मिळतात ते मधल्या हिशेबाने.

शिस्ट खडकात जमिनीखालच्या दाबाने अभ्रकाचे कण एकाच दिशेने आडवे होतात. खडा हातात फिरवला की एका क्षणी सगळे कण एकदम उजळतात, ते त्यामुळेच. महाराष्ट्राच्या पठारावरच्या काळ्या खडीत ही चमक नाही. आपला बेसाल्ट पोटॅशियम आणि पाणी कमी असलेल्या लाव्हाचा, आणि अभ्रकाला दोन्ही लागतं.

अशी खडी 'नकारात्मक ऊर्जा शोषते' म्हणून चढ्या दराने विकणारे भेटतील. त्यांना पैसे देऊ नका. अभ्रक विजेचं उत्तम रोधक आहे, कारण त्यातले इलेक्ट्रॉन बंधांत जखडलेले असतात. त्यात शोषण्याबिषण्याचा काही संबंध नाही.

पायवाटेवर मात्र ही खडी टाकू नये. पायाखाली ती त्याच थरांवर फुटून चपटी होते, मग तिचा चुरा होतो. ती झाडांभोवतीच बरी. तिथे काळ्या अभ्रकातलं पोटॅशियम फार सावकाश सुटून मुळांना मिळतं आणि त्याच्या जागी पाणी शिरतं. असं पाणी शिरलेलं खनिज भट्टीत झटकन तापवलं की वाफ थरांना दूर ढकलते आणि दाणा कित्येक पट फुगतो. नर्सरीत कुंडीच्या मातीत मिसळायला मिळणारं हलकं, तपकिरी-सोनेरी व्हर्मिक्युलाइट ते हेच.