लॅपटॉप घेताना वॅट वाचा

लॅपटॉप घ्यायचा म्हटलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो प्रोसेसरचा. कुठला, कितव्या पिढीचा, किती कोअरचा? प्रश्न रास्त आहे, पण अपुरा. अगदी तोच प्रोसेसर असलेल्या दोन लॅपटॉपना अर्धा तास चालेल असं जड काम दिलं, तर एक दुसऱ्याला सहज मागे टाकू शकतो. दोन्हींतली चिप सारखीच असते. फरक असतो तो आतली उष्णता बाहेर फेकण्याच्या ताकदीत, आणि ही ताकद जाहिरातीत क्वचितच छापलेली असते.

चिपमधले ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना वीज खातात आणि ती सगळी वीज अखेर उष्णता होते. हा खर्च वेगाच्या प्रमाणात वाढतो, शिवाय व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणातही वाढतो. खरी मेख इथेच आहे, कारण वेग वाढवायचा तर व्होल्टेजही चढवावं लागतं. समजा, वेग २० टक्के वाढवला आणि त्यासाठी व्होल्टेज १० टक्के चढवावं लागलं. मग वीज लागते १.२ गुणिले १.२१ (१.१ गुणिले १.१), म्हणजे सुमारे ४५ टक्के जास्त. डेस्कटॉपमध्ये ही उष्णता शोषायला धातूचा मोठा ठोकळा बसतो. लॅपटॉपच्या चपट्या पोटात तांब्याची बारीक नळी आणि एक-दोन छोटे पंखे एवढीच जागा मिळते. त्यामुळे चिप सुरुवातीचे काही सेकंद जोरात धावते आणि तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचलं की स्वतःच वेग उतरवते.

म्हणून चिप सतत किती वीज खाऊ शकते ते सांगणारा वॅटचा आकडा महत्त्वाचा, आणि त्यासाठी प्रोसेसरच्या नावातलं शेवटचं अक्षर बघावं. इंटेलच्या बऱ्याच पिढ्यांमध्ये ‘यू’ म्हणजे साधारण १५ वॅटची चिप आणि ‘एच’ म्हणजे ४५ वॅटची. त्यामुळे ‘यू’वाला आय-सेव्हन हा वरच्या श्रेणीचा प्रोसेसर लांबलचक जड कामात ‘एच’वाल्या आय-फाइव्हच्या मागे पडू शकतो, आणि तरीही महाग असू शकतो. गेम आणि व्हिडिओचं चित्र रंगवणाऱ्या ग्राफिक्स कार्डांत हा घोळ आणखी मोठा आहे. लॅपटॉपसाठीचं आरटीएक्स ४०६० हे एकच नाव ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंतच्या मर्यादेत विकलं जातं. नाव बघून पैसे मोजणाऱ्या ग्राहकावर हा अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं. वॅटचा आकडा कंपनीच्या तपशीलपत्रात शोधावा आणि सापडला नाही तर विक्रेत्याला थेट विचारावा.

अर्थात, सगळ्यांना ४५ वॅट लागत नाहीत. लेखन, ईमेल, वाचन, हिशेबाचे तक्ते, ऑनलाइन वर्ग ही कामं झटक्याझटक्यांची असतात. पान उघडताना चिप क्षणभर धावते आणि मग निवांत पडून राहते. अशा कामाला कमी वॅटची चिप पुरते, मशीन हलकं राहतं आणि बॅटरीही टिकते. ॲपलने २०२० पासून मॅकबुक एअरमधला पंखाच काढून टाकला, तो याच हिशेबावर. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यालाही सुरुवातीला वेगळं काही लागत नाही. व्हिडिओ संपादन, त्रिमितीय आराखडे, मोठे गेम, तासन्‌तास चालणारी गणितं असतील तर मात्र जाड अंगाचं, मोठ्या पंख्यांचं मशीन घ्यावं आणि त्याचं वजन व आवाज मुकाट्याने स्वीकारावेत.

रोजच्या वापरात लॅपटॉप अडखळतो तो बहुधा प्रोसेसरमुळे नव्हे, तर रॅम, म्हणजे चालू कामाची माहिती ठेवायची तात्पुरती जागा, संपल्यामुळे. रॅममधून माहिती यायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, एसएसडीमधून (चिपांवर माहिती कायमची साठवणाऱ्या भागातून) सुमारे १०० मायक्रोसेकंद आणि फिरत्या हार्ड डिस्कवरून १० मिलिसेकंदांच्या घरात. हे आकडे इतके लहान आहेत की त्यांतलं अंतर जाणवत नाही, म्हणून ते ताणून बघू. रॅमला उत्तर द्यायला एक सेकंद लागतो असं धरलं, तर एसएसडीला सोळा-सतरा मिनिटं लागतील आणि हार्ड डिस्कला एका दिवसाहून जास्त. रॅम भरली की संगणक तिच्यातला काही मजकूर एसएसडीवर हलवतो आणि पुन्हा पुन्हा तिथे धावतो. वीस-पंचवीस टॅब उघडे ठेवून त्यातच मीटिंग चालवणाऱ्याला ८ जीबी आता तोकडी पडते. १६ जीबी घ्यावी. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते आणि नंतर वाढवता येत नाही, तेव्हा तिथे सुरुवातीलाच हात सैल सोडावा.

साठवणुकीचं उत्तर सोपं आहे: एसएसडीच घ्यावी. सेकंदाला ३,५०० एमबी की ७,००० एमबी, या आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. रोजच्या कामात छोट्या-छोट्या फाइली विखुरलेल्या जागांवरून वाचल्या जातात आणि तिथे हा फरक फारसा कळत नाही.

स्क्रीनकडे मात्र लोक हटकून दुर्लक्ष करतात, आणि नंतर वर्षानुवर्षं तिच्याकडेच बघत बसतात. स्क्रीन किती रंग दाखवू शकते हे एनटीएससी किंवा एसआरजीबी या रंगांच्या मापांत सांगतात. स्वस्त मॉडेलांत ‘४५ टक्के एनटीएससी’ असं लिहिलेलं दिसलं तर समजावं की वेबवरच्या छायाचित्रांतले नेहमीचे रंगही ती पूर्ण दाखवू शकणार नाही. लाल रंग विटलेला दिसेल. ‘१०० टक्के एसआरजीबी’ असेल तर छायाचित्रांच्या कामालाही चालते. उजेड निट्समध्ये मोजतात. बंद खोलीत २५० निट्सवर भागतं. खिडकीशेजारी बसणार असाल तर ३०० ते ४०० हवेत. लांब मजकूर वाचणाऱ्यांनी १६:१० आकाराची, म्हणजे नेहमीच्या १६:९ पेक्षा थोडी उंच स्क्रीन आवर्जून बघावी, प्रत्येक पानावर दोन-चार ओळी जास्त मावतात.

बॅटरीच्या बाबतीत ‘१५ तास’ हा दावा बाजूला ठेवून वॅट-तास बघावेत. ५० वॅट-तासांची बॅटरी ८ वॅट खाणाऱ्या हलक्या कामाला सहा तासांच्या थोडं वर पुरेल, तर ४५ वॅट खाणाऱ्या कामाला जेमतेम तासभर. भागाकार आपणच करावा. मोठ्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या ९९ वॅट-तासांवर थांबलेल्या दिसतात, कारण विमानात खास परवानगीशिवाय नेता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा १०० वॅट-तास आहे. लिथियम-आयन बॅटरीला उष्णता आणि सतत पूर्ण भरलेलं राहणं दोन्ही मानवत नाही. लॅपटॉप कायम चार्जरला जोडलेला राहणार असेल तर ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय त्यात आहे का, हे बघावं.

बजेट कमी असेल तर नव्या कोऱ्या पण दुबळ्या मशीनपेक्षा कार्यालयीन वापरासाठी बनवलेलं तीन-चार वर्षं जुनं मॉडेल मला जास्त भरवशाचं वाटतं. त्यांचे कीबोर्ड आणि बिजागऱ्या दणकट असतात, आणि बऱ्याच मॉडेलांत रॅम व एसएसडी बदलता येते. मात्र दोन गोष्टी तपासाव्यात. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. त्याआधीच्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली चालवायची तयारी असेल तरच ते घ्यावं. दुसरी गोष्ट बॅटरीची. विंडोज स्वतःच बॅटरीचा अहवाल काढून देतं, त्यात मूळ क्षमता आणि आता उरलेली क्षमता शेजारी-शेजारी दिसते. मूळ ५० वॅट-तासांपैकी ३० उरले असतील, तर नव्या बॅटरीचा खर्च धरूनच विक्रेत्याशी भाव बोलावा.