फोर बाय फोर की ऑल व्हील ड्राइव्ह? जुनी सात-सीटर घेण्याआधी गाडीखाली वाकून पाहा

मावसभावाने मोबाईलवर दोन जाहिराती पाठवल्या. एक महिंद्रा एक्सयूव्ही ५००, दुसरी त्याच कंपनीची स्कॉर्पिओ. दोन्ही डिझेल, दोन्ही सात जणांच्या, किमतीत थोडाच फरक आणि दोन्हींवर विकणाऱ्याने एकच लिहिलेलं: 'फोर बाय फोर'. घरात तो, त्याची बायको आणि दोन मुलं. येत्या जूनमध्ये स्पिती, मग कच्छचं रण, पुढे जमलं तर अरुणाचल. गाडी एकदम नाही, वर्षागणिक थोडी थोडी तयार करत न्यायची, असा त्यांचा बेत. "दादा, चारही चाकं दोन्हींची ओढतात. इंजिनही दोन्हीकडे २.२ लिटरचं एमहॉकच. मग जी बसायला आरामाची ती घेऊ ना?"

त्याला मी आधी दोन्ही गाड्यांखाली वाकून पाहायला सांगितलं. कारण आपल्याकडे जुन्या गाड्यांच्या बाजारात 'फोर बाय फोर' या एका नावाखाली दोन वेगळी यंत्रं विकली जातात. स्कॉर्पिओच्या त्या मॉडेलमध्ये असते ती मूळ अर्थाची फोर बाय फोर. एक्सयूव्ही ५०० मध्ये असते ती ऑल व्हील ड्राइव्ह. घेताना हा फरक कळला नाही, तर नंतर गाडीवर केलेला खर्च चुकीच्या जागी जातो.

स्कॉर्पिओच्या गिअरबॉक्सला जोडून आणखी एक पेटी असते, ट्रान्सफर केस. तिच्यातून एक शाफ्ट, म्हणजे ताकद नेणारा फिरता दांडा, मागे जातो, दुसरा पुढे. टू-हायमध्ये फक्त मागची चाकं ओढतात. फोर-हायला टाकली की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. दोघांना एकाच वेगाने फिरावंच लागतं. आणि फोर-लोला टाकली की त्याच पेटीतली जास्तीची दात्यांची जोडी मधे येते, चाकांचा वेग सुमारे अडीच पटीने उतरतो आणि ओढ तितक्याच पटीने वाढते. पहिल्या गिअरमध्ये, इंजिनाचे फेरे हजारावर असताना, अशी गाडी एरवी ताशी आठ-नऊ किलोमीटरने चालते. फोर-लोमध्ये साधारण साडेतीन. म्हणजे शेजारून चालणारा माणूस गाडीच्या पुढे निघून जाईल.

एक्सयूव्हीत ही पेटी नाही. इंजिन आडवं बसवलेलं आहे आणि एरवी पुढची चाकंच ओढतात. मागच्या डिफरन्शियलच्या (डाव्या-उजव्या चाकांना वळणावर वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या दात्यांच्या पेटीच्या) तोंडाशी एक कपलिंग असतं, आत क्लचच्या बारीक चकत्यांची चवड. पुढची चाकं घसरायला लागली की संगणक या चकत्या विजेने दाबतो आणि काही ताकद मागे पोचते. रेनॉ डस्टरच्या ऑल व्हील ड्राइव्हमध्येही तत्त्व हेच. तिथे एक गोल खटका असतो: टू डब्ल्यूडी, ऑटो, लॉक. या 'लॉक'मुळे फार गैरसमज होतो. लॉक म्हणजे डावं-उजवं चाक एकत्र जखडणारा डिफरन्शियल लॉक नव्हे. कमी वेगात पुढचं-मागचं कपलिंग दाबून धरायचं, एवढंच ते करतं.

वाचायला हा फरक बारीक वाटेल. उतारावर तो पायाला कळतो.

भोर तालुक्यात एका वाडीला उतरणारी वाट आहे. नांगरल्यासारखी फुटलेली, मधे मुठीएवढे सुटे धोंडे, एका बाजूला ओढा. पावसाळ्याच्या तोंडावर मी तिथे फोर-लोमध्ये पहिला गिअर टाकला आणि दोन्ही पाय पेडलांवरून काढून जमिनीवर ठेवले. गाडी स्वतःच्या वजनाने खाली यायला बघते आणि इंजिन तिला मागून धरून ठेवतं. टायरखाली एकेक धोंडा करकरत दबतो, मग सुटतो. ब्रेक न लावल्यामुळे एकही चाक लॉक होत नाही, म्हणून गाडी घसरत नाही. मागच्या सीटवरची मुलं खिडकीतून खेकडे शोधत होती. कुटुंबाच्या गाडीत मला हीच गोष्ट सर्वात मोलाची वाटते: अवघड जागी हळू जाता येणं.

तीच वाट ऑल व्हील ड्राइव्हने उतरता येत नाही असं नाही. हिल डिसेंट कंट्रोल असेल तर बटण दाबलं की गाडी आपोआप वेग धरून ठेवते. पण ती धरते ब्रेकने. एबीएसचा, म्हणजे ब्रेक लागताना चाक जखडू न देणाऱ्या यंत्रणेचा, पंप कटकट करत एकेका चाकाचा ब्रेक दाबत राहतो. शंभर मीटरच्या उताराला हरकत नाही. दोन-तीन किलोमीटरच्या उताराला, तेही भरल्या गाडीनिशी, ब्रेक तापतात. चढावर अडचण उलटी होते. लो नसल्यामुळे वेग कमी ठेवायचा तर हाफ क्लचवर गाडी तोलावी लागते, आणि जळक्या क्लचप्लेटचा तो वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. डस्टर बनवणाऱ्यांना ही उणीव ठाऊक होती, म्हणून त्यांनी पहिला गिअरच मुद्दाम आखूड ठेवला. हजार फेऱ्यांना ताशी पावणेसहा किलोमीटरच्या आसपास. चांगला तोडगा आहे, पण साडेतीन आणि पावणेसहा यांत मोठं अंतर आहे.

वाळूतही असंच. कच्छकडच्या मऊ वाळूत बराच वेळ जोर लावत राहिलं की कपलिंगच्या चकत्या तापतात, आणि स्वतःला वाचवायला यंत्रणा मागची ओढ सोडून देते. गाडी अचानक दोनच चाकांची होते, तीही नेमकी जोर हवा असताना. ट्रान्सफर केसमध्ये दात्यांना दाते जोडलेले असतात. तिथे हा प्रश्न येत नाही.

एवढं वाचून ऑल व्हील ड्राइव्ह बिनकामाची असं कोणी समजू नये. पुण्याहून मनालीपर्यंतचे सुमारे २,००० किलोमीटर डांबरीच आहेत, आणि पावसात भिजलेल्या डांबरावर ती उजवी ठरते. आपल्या जुन्या फोर बाय फोर गाड्यांमध्ये पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये डिफरन्शियल नसतं. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात. शाफ्ट जखडलेले असले तर तो फरक जिरायला जागा लागते. मातीत, चिखलात टायर थोडा घसरतो आणि फरक जिरतो. डांबरावर टायर घसरत नाही, मग सगळा पीळ शाफ्ट आणि ट्रान्सफर केसवर येतो. स्टिअरिंग जड होतं, टायर चिरकतात, गाडी मागून कोणी धरल्यासारखी अडते. म्हणून डांबरावर टू-हायच ठेवायचं. याचा अर्थ जुलैत वरंधा किंवा ताम्हिणीत ती फक्त मागच्या दोन चाकांवर चालते, आणि नेमकं तिथे ऑल व्हील ड्राइव्ह गरज पडताच चारही चाकांनी रस्ता धरते, तुम्ही काही न करता. रस्त्यावर मधेच बर्फ, मधेच कोरडं डांबर असेल तिथेही तेच. ज्यांचं फिरणं घाटातलं, पावसातलं, कच्च्या पण धड रस्त्यांवरचं आहे, त्यांना मी मनापासून ऑल व्हील ड्राइव्ह घ्यायला सांगतो.

जाहिरातीतला ग्राउंड क्लिअरन्सही, म्हणजे गाडीच्या सर्वात खालच्या भागाची जमिनीपासूनची उंचीही, असाच फसवतो. कागदावर एक्सयूव्हीचा २०० मिलिमीटर, स्कॉर्पिओचा १८०. मावसभाऊ याच आकड्यावर अडला होता. पण स्कॉर्पिओच्या मागे दोन्ही चाकं एकत्र जोडणारा अखंड ॲक्सल आहे, आणि तिचा सर्वात खालचा भाग म्हणजे त्या ॲक्सलमधला डिफरन्शियलचा फुगवटा. गाडी कितीही भरा, तो जमिनीपासून तेवढ्याच उंचीवर राहतो, कारण तो चाकांनाच जोडलेला आहे. बाकीचं पोट त्याच्या बरंच वर असतं. एक्सयूव्हीचं मागचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे. चार माणसं, तंबू, पाण्याचे कॅन आणि शेगडी चढली की पोटासकट सगळंच खाली बसतं. शोरूममधला २०० चा आकडा प्रवासात २०० राहत नाही.

दोन्हींना जे जमत नाही तेही सांगायला हवं. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकाच वेळी हवेत गेलं, तर साध्या डिफरन्शियलची फोर बाय फोरसुद्धा जागच्या जागी उभी राहते. ताकद सोप्या वाटेने जाते, आणि हवेतल्या चाकाइतकी सोपी वाट नाही. लो टाकून उपयोग नसतो. तिथे एकतर डिफरन्शियल लॉक लागतो, किंवा घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसरीकडे वळवणारं ट्रॅक्शन कंट्रोल, आणि हे दोन्ही नसेल तर चाकाखाली दगड रचायला घरातली माणसं.

आता गाडी तयार करण्याचं. पहिला पैसा दोन्हींमध्ये सारखाच जातो: बेल्ट, कूलंट, होज पाइप, व्हील बेअरिंग, बुश, ब्रेक ऑइल, सगळ्या ठिकाणची गिअर ऑइलं (स्कॉर्पिओत चार: गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन डिफरन्शियल). हे काम दिसत नाही म्हणून लोक टाळतात आणि छतावरच्या दिव्यांपासून सुरुवात करतात. स्पितीच्या वाटेवर बातलच्या अलीकडे बंद पडलेली गाडी बहुतेकदा या टाळलेल्या कामामुळेच पडलेली असते.

दुसरा पैसा टायरला. डांबर आणि माती दोन्हींवर चालणारा चांगला ऑल-टेरेन टायर साधारण दहा ते पंधरा हजारांना एक पडतो आणि दोन्ही गाड्यांमध्ये फरक करतो. जोडीला हवेचा छोटा कॉम्प्रेसर आणि प्रेशर गेज. वाळूत टायरची हवा १८-२० पीएसआयवर आणली की टायर लांबट पसरतो आणि रुतणं थांबतं; डांबरावर येताच परत भरायची. कॉम्प्रेसर नसेल तर हवा काढू नये.

इथून पुढे दोन्ही गाड्यांच्या वाटा वेगळ्या होतात. स्कॉर्पिओला थोडे उंच टायर झेपतात, कारण उंच टायरने कमी झालेली ओढ फोर-लो भरून काढतं. एक्सयूव्हीला तसेच टायर घातले तर आधीच नसलेला लो आणखी लांब जातो आणि भार क्लचवर येतो. सस्पेन्शन उचलायचं म्हटलं तर आडव्या इंजिनाच्या गाडीत चाकांकडे जाणारे आखूड शाफ्ट तिरपे होतात, त्यांच्या टोकाचे सांधे, म्हणजे सीव्ही जॉइंट, जास्त कोनात फिरतात, त्यांच्यावरची रबरी आवरणं (बूट) फाटतात, आत माती जाते. ऑल व्हील ड्राइव्हला मी टायर, पोटाखाली जाड पत्रा आणि कमी सामान, एवढंच सुचवतो. आणि चारही टायर एकाच कंपनीचे, सारखे झिजलेले हवेत. दोन नवे, दोन जुने असले की त्यांच्या घेरातला फरक कपलिंग रोज झिजवत राहतो.

छतावरचा कॅरिअर दोन्हींत हलकाच ठेवा. वर तंबू आणि गाद्या, पाणी आणि अवजारं खाली. ओढायचा दोर कशाला अडकवायचा हे घरीच ठरवा. मागचा टो बॉल त्यासाठी नाही. झटक्यात तो तुटला तर गोळीसारखा सुटतो.

घेताना काय पाहायचं? खरी फोर बाय फोर आहे का हे मागच्या स्टिकरवरून ठरत नाही. खाली वाकून पुढच्या चाकांच्या मधे डिफरन्शियल आणि त्याच्याकडे येणारा शाफ्ट दिसतो का ते पाहा. मी एकदा अशी ऑल व्हील ड्राइव्ह पाहिली, जिच्याखालचा मागे जाणारा शाफ्टच कोणीतरी काढून टाकला होता. मालकाला पत्ताही नव्हता. फोर बाय फोरमध्ये उलटा त्रास असतो. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं टू-हाय, फोर-हायचा खटका फिरवलेलाच नसतो, त्यामुळे तो बदल करणारी ट्रान्सफर केसची मोटर जाम झालेली असते. म्हणून ट्रायल मोकळ्या मातीच्या जागेत घ्या. फोर-हाय टाका, स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश चार-पाच मीटर जा. गाडी अडखळली, जड झाली तर पुढची चाकं खरोखर लागली. मग थांबून फोर-लो. दिवा लुकलुकत न राहता स्थिर झाला पाहिजे, आणि पहिल्या गिअरमध्ये गाडी रांगली पाहिजे. ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलचं ऑइल थोडं काढून बघा. दुधाळ असेल तर आत पाणी गेलं आहे.

कायद्याचंही आधीच पाहून ठेवा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. पुढचे लोखंडी बंपर गार्ड बसवायला डिसेंबर २०१७ पासून केंद्राची मनाई आहे. मागची सीट कायमची काढली तर आरसीवरची आसनसंख्या चुकते. अपघातानंतर विमा कंपनी हे सगळं तपासते, म्हणून झोपायची फळी आणि सामानाचे खण बोल्ट काढून उतरवता येतील असेच करून घ्या.

मावसभावाने स्कॉर्पिओ घेतली. त्याच्या बायकोने दोन्ही गाड्या चालवून पाहिल्या होत्या आणि हायवेवर तिला एक्सयूव्हीच आवडली. पण मनालीहून स्पितीकडे जाताना लागणाऱ्या ग्रांफूच्या पुढच्या नाल्यांचं तिने ऐकलं होतं: बर्फ वितळायला लागला की दुपारनंतर पाणी चढतं आणि तळाचे गोटे दिसेनासे होतात. तिने एवढंच विचारलं, "तिथे कोणती गाडी जास्त हळू जाईल?" गेल्या रविवारी त्यांनी चारही ऑइलं बदलली. ट्रान्सफर केसचं ऑइल काळं निघालं, पण दुधाळ नव्हतं.