कव्हर अल्बम

कव्हर अल्बम : एकाने गाजवलेली गाणी दुसऱ्या गायकाने आपल्या आवाजात, बहुतेक वेळा नव्या वाद्यमेळात पुन्हा ध्वनिमुद्रित करून एकत्र काढली, की त्या संग्रहाला कव्हर अल्बम म्हणतात. शब्द आणि चाल जुनी, आवाज आणि मांडणी नवी, असे त्याचे ढोबळ वर्णन करता येईल. कॅसेटच्या दिवसांत आपल्याकडे अशा गाण्याला ‘व्हर्जन’ म्हणत. ‘कव्हर’ हा शब्द यूट्यूबबरोबर घरोघरी आला. सोलापुरात गाणे ओळखीचे आणि आवाज अनोळखी लागला, की “हे मूळचं नाही ओ” एवढ्या चार शब्दांत निकाल लागतो. या नोंदीचा बराचसा भाग त्या ‘मूळचं’ शब्दाभोवतीच फिरतो, कारण तो वाटतो तेवढा सरळ नाही.

आधी शेजारपाजारचे प्रकार बाजूला काढू. रिमिक्समध्ये जुने ध्वनिमुद्रणच उचलून त्यावर नवा ठेका चढवतात. मात्र आपल्याकडे २००० नंतर रिमिक्स म्हणून जी गाणी वाजली, त्यांतली बरीच नव्या गायिकांकडून गाऊन घेतलेली होती, म्हणजे हिशेबाने ती कव्हरच. जुन्या चालीवर नवे शब्द बसवणे हा आणखी वेगळा प्रकार. सोलापूरच्या भजनी मंडळांत सिनेमाच्या चालीवरची भजने आणि १४ एप्रिलच्या मिरवणुकांत सिनेमाच्या चालीवरची भीमगीते वर्षानुवर्षे गायली जातात. तिथे चाल ओळखीची असते म्हणूनच गर्दी पहिल्या ओळीपासून साथ धरते. पण शब्द बदलले की ते कव्हर उरत नाही. कव्हरमध्ये काय टिकते आणि काय बदलते, हे सोलापूरकराला जेकार्डच्या मागावरून चटकन कळेल. छिद्रे पाडलेली तीच कार्डे मागावर चढवली आणि सुताचा रंग बदलला, तर नक्षी तीच उतरते, चादर मात्र दुसरी असते.

उगम : हा शब्द अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांच्या धंद्यातून आला. एका कंपनीचे गाणे चालू लागले, की दुसरी कंपनी आपल्या गायकाकडून तेच गाणे घाईने गाऊन घेई आणि गिऱ्हाईक आपल्याकडे वळवी. १९५०च्या दशकात या चढाओढीला रंगभेदाची किनार होती. फॅट्स डॉमिनो आणि लिटल रिचर्ड या कृष्णवर्णीय गायकांची गाणी पॅट बून या गोऱ्या गायकाने गायली आणि गोऱ्यांच्या रेडिओवर तीच जास्त वाजली. तेव्हा कव्हर म्हणजे दुसऱ्याच्या ताटातला घास, असा अर्थ त्या शब्दाला होता.

प्रतिष्ठा आली ती पुढे, नावाजलेल्या पॉप गायकांनी हौसेने जुनी गाणी गायला घेतली तेव्हा. १९७३च्या ऑक्टोबरात डेव्हिड बोवी आणि ब्रायन फेरी या दोन इंग्रज गायकांचे असे संग्रह पाठोपाठ आले. १९७८ मध्ये विली नेल्सन या ‘कंट्री’ म्हणजे अमेरिकेतल्या ग्रामीण ढंगाच्या गाण्यांच्या गायकाने आजोबांच्या पिढीतली अमेरिकन गाणी आपल्या सानुनासिक, सैल आवाजात गायली; कंपनीला भरवसा नव्हता, पण तो संग्रह कंट्रीच्या विक्रीयादीत दहा वर्षांच्या आसपास टिकून राहिला. ब्रिटिश गायक रॉड स्ट्युअर्टने २००२ पासून याच जुन्या गाण्यांचे भागामागून भाग काढले. खप भरपूर झाला. ऐकताना मात्र लग्नाच्या हॉलमध्ये मागे मंद वाजणाऱ्या संगीतापलीकडे फारसे काही हाती लागत नाही. याच्या दुसऱ्या टोकाला अमेरिकन कंट्री गायक जॉनी कॅश. तरुण रॉक संगीतकाराने १९९४ मध्ये आणलेले व्यसन आणि पश्चात्तापाचे गाणे सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या, आजारी कॅशने २००२ मध्ये जवळपास नुसत्या गिटारवर गायले आणि त्या शब्दांचे वयच बदलले. मूळ गाणाऱ्यानेही हे गाणे आता आपले राहिले नाही, अशा अर्थाची कबुली दिली.

भारतातली वाट : आपल्याकडे कव्हरचा पूर आला तो आधी स्वस्ताईमुळे. जुन्या हिंदी गाण्यांचे हक्क प्रामुख्याने एचएमव्हीकडे होते. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात एक वाट होती : आधी मुद्रित झालेले गाणे सूचना देऊन आणि मानधन भरून दुसऱ्याला नव्याने मुद्रित करता येई. गुलशन कुमारांच्या टी-सीरिजने याच वाटेने नव्या गायकांकडून जुनी गाणी गाऊन घेतली आणि कमी किमतीच्या कॅसेटांनी बाजार भरून टाकला. सोनू निगमने रफींची, तर बाबला मेहतांनी मुकेश यांची गाणी गायली ती याच लाटेत. एका अख्ख्या पिढीने पानटपरीवर आणि एसटीत रफी म्हणून जे ऐकले, त्यात थोडाफार सोनू निगमही होता.

उलट दिशेनेही प्रवास झाला. जिची गाणी सगळे गातात त्या लता मंगेशकरांनी १९९२ मध्ये ‘श्रद्धांजली’ या संग्रहात सैगल, रफी, मुकेश, किशोर कुमार, हेमंत कुमार यांची गाणी स्वतः गायली. आशा भोसले यांनी २००५ मध्ये क्रोनॉस क्वार्टेट या अमेरिकन तंतुवाद्य चौकडीबरोबर राहुलदेव बर्मन यांच्या रचनांचा संग्रह केला, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. त्यातल्या काही गाण्यांच्या मूळ गायिकाही त्याच. तिशी-चाळिशीतला स्वतःचाच आवाज लोकांच्या कानांत बसलेला असताना त्यावर सत्तरीतला आवाज ठेवायचा, याला धाडस लागते. तिथे तबल्यावर झाकीर हुसेन होते, म्हणून ठेक्याची मुळे सुटली नाहीत.

१९७२च्या एका चित्रपटगीताचे २००२ साली आलेले रिमिक्स आणि त्याची चित्रफीत यांवरून मोठा गदारोळ झाला आणि जुन्या गाण्यांची मोडतोड हा विषय ऐरणीवर आला. २०१२च्या दुरुस्तीने जुनी वाट बंद झाली आणि कलम ३१-ग आले. आता पहिल्या ध्वनिमुद्रणानंतर पाच कॅलेंडर वर्षे थांबावे लागते. दर गाण्यामागे दर वर्षी किमान ५०,००० प्रतींचे मानधन आगाऊ भरावे लागते. वेष्टनावर हे कव्हर आहे असे स्पष्ट छापावे लागते आणि मूळ गायकाच्या नावाचा वा चित्राचा वापर करून गिऱ्हाइकाची दिशाभूल करता येत नाही. चाल किंवा शब्द यांत, ध्वनिमुद्रणासाठी तांत्रिकदृष्ट्या गरजेचा असेल त्यापलीकडे बदल करायचा नाही, अशीही अट आहे. म्हणजे कायद्याला हवे ते कव्हर शक्य तितके आज्ञाधारक. कलेच्या दृष्टीने हे उफराटेच आहे, कारण कॅशसारखे एखादे कव्हर जगते ते आज्ञा मोडल्यामुळे. मोठे बदल करायचे तर हक्कदाराची थेट परवानगी घ्यावी लागते. गीतकार-संगीतकारांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे चालतो.

मूळ म्हणजे कोणते : सोलापूरचे शाहीर राम जोशी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला लावण्या रचत होते. ‘सुंदरा मनामध्ये भरली’ ही त्यांची लावणी आज महाराष्ट्राला तोंडपाठ आहे, ती बव्हंशी १९४७च्या ‘लोकशाहीर राम जोशी’ या चित्रपटामुळे. तिथे जयराम शिलेदार राम जोशींच्या भूमिकेत होते आणि संगीत वसंत देसाई यांचे होते. राम जोशींचा स्वतःचा आवाज कुठे मुद्रित असण्याचा प्रश्नच नाही. तेव्हा आजवर मुद्रित झालेली त्यांची प्रत्येक लावणी ही कव्हरच मानावी लागते, आणि तरी नव्या गायिकेने ती गायली की तुलना होते ती सिनेमातल्या लावणीशी. जिल्ह्यातल्याच पंढरपुरात याच्या उलट रीत. अभंगाची चाल बदलली म्हणून वाळवंटात कोणी भांडत नाही. तुकोबांचा एकच अभंग चार दिंड्यांत चार चालींत ऐकू येतो आणि चारही ठिकाणी टाळ तितक्याच जोरात पडतो.

‘गीतरामायणा’चे उदाहरण तर नोंदीला हवेच. १९५५च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर गदिमांची ५६ गाणी दर आठवड्याला एक अशी प्रसारित झाली, तेव्हा ती वेगवेगळ्या गायक-गायिकांनी गायली होती. पुढे संगीतकार सुधीर फडके यांनी ती सगळीच्या सगळी स्वतःच्या आवाजात जाहीर कार्यक्रमांतून आणि ध्वनिमुद्रिकांतून गायली. आज मराठी माणसाच्या कानात बाबूजींचाच आवाज आहे आणि तोच त्याला मूळ वाटतो. दुसऱ्यांदा गायलेले पहिल्यावर मात करते, ते असे. या गाण्यांचे कन्नड आणि तेलुगू अनुवादही झाले, आणि मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू या चारही भाषा ज्या शहरात एका रिक्षा थांब्यावर ऐकू येतात, तिथे एखादी चाल कुणी पहिल्यांदा कोणत्या भाषेत ऐकली यावरच त्याचे ‘मूळ’ ठरते.

सोलापुरातली रीत : शहरात कव्हरचे दोन पंथ आहेत आणि त्यांचे एकमेकांशी फारसे पटत नाही. पहिला ऑर्केस्ट्राचा. हुतात्मा स्मृती मंदिरातला जुन्या गाण्यांचा कार्यक्रम असो, की गणपतीतला चौकातला मांडव, इथे कसोटी एकच : हुबेहूब. गायकाइतकीच ती वादकांनाही लागू. मुखडा आणि अंतऱ्याच्या मधल्या वाद्यसंगीताला ऑर्केस्ट्रावाले ‘पीस’ म्हणतात. पीस जसाच्या तसा वाजला, की अंतरा सुरू होण्याआधीच टाळी पडते. बासरीचा एक स्वर इकडेतिकडे झाला तर मागच्या रांगेतून “काय वाजवलालाय बे ह्यो” ऐकू येतेच. गंमत अशी, की हे पीस बहुतेक वेळा गायकाचे नव्हेत, संगीतकाराचेही नव्हेत, तर वाद्यवृंद संयोजकाच्या डोक्यातून निघालेले असतात. त्याचे नाव निवेदकाच्या चिठ्ठीवर क्वचितच असते.

दुसरा पंथ घरात किंवा भाड्याच्या छोट्या स्टुडिओत गाणी मुद्रित करून इंटरनेटवर टाकणाऱ्या तरुणांचा. तो नेमके पीसच आधी काढून टाकतो. ढोलक जाते, व्हायोलिनांचा ताफा जातो, एक गिटार किंवा कीबोर्डचे लांब धरलेले स्वर राहतात आणि गाणे निम्म्या लयीत चालू लागते. हे कधी कधी फार सुंदर होते. जलद ठेक्याखाली दडलेली शब्दांतली व्याकुळता वर येते. पण लय उतरवली की मधल्या रिकाम्या जागा गायकाला भरायच्या असतात, आणि तिथे दर ओळीला हरकत, दर शब्दाला मुरकी अशा गळ्यातल्या स्वरनक्षीसाठी हात सैल सुटतो. जुन्या गायकांनी तीन मिनिटांच्या तबकडीत एकच हरकत ठेवली होती, आणि ती कुठे ठेवायची हे त्यांना ठाऊक होते.

या दोहोंच्या मधोमध कराओके आहे, आणि संख्येने पाहिले तर आज सर्वाधिक जुनी गाणी तिथेच गायली जातात. निवृत्त बँकवाले, शिक्षिका, डॉक्टर, कापडाचे व्यापारी महिन्यातून एखाद्या संध्याकाळी हॉल घेतात. मोबाइलवर तयार ट्रॅक लावायचा, पडद्यावर शब्द, हातात माइक. खरी अडचण असते ती पट्टीची, म्हणजे गाणे किती उंच स्वरात धरायचे याची. लताबाईंच्या गाण्यांचा ट्रॅक मूळ पट्टीत असतो. मुखडा कसाबसा निभतो, अंतऱ्याला आवाज वर अडकतो. मग ट्रॅक लावणारा मुलगा ॲपमध्ये दोन पट्ट्या खाली घेतो. गाणारीचा गळा मोकळा होतो, पण व्हायोलिने जडावतात आणि सतारीला सर्दी झाल्यासारखी होते. कव्हर अल्बम करणाऱ्या व्यावसायिक गायकाचा पहिला निर्णयही हाच असतो. पट्टी बदलली की वाद्ये नव्याने लिहावी लागतात, वाद्ये नव्याने लिहिली की लय आणि भाव हलतो. नवी मांडणी बरेचदा कल्पनेतून नव्हे, गळ्याच्या सोयीतून जन्मते.

कार्यक्रमातून होणाऱ्या वापराला परवाना लागतो; गीत-संगीताचे मानधन गोळा करण्याचे काम आयपीआरएस ही संस्था करते. प्रामाणिक धार्मिक समारंभ मात्र कायद्याने यातून वगळले आहेत आणि त्यांत लग्नाची वरातही स्पष्ट शब्दांत धरली आहे.

ही सूट ज्यांच्या पथ्यावर पडते ते बँडवाले कव्हरच्या चर्चेत कधी येत नाहीत, हे चुकीचे आहे. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा आणि लग्नसराईत रोज संध्याकाळी शहरातले रस्ते त्यांचेच असतात. इथे गायकच नाही. गायकाची ओळ क्लॅरिनेट किंवा ट्रम्पेट घेते, पीस बाकीची पितळी वाद्ये वाटून घेतात आणि ज्या जागी गायकाने श्वास घेतला होता त्या जागी ढोल भरतो. एका वरातीत मराठी लावणी, तेलुगू सिनेमाचे गाणे आणि कन्नड भक्तिगीत पाठोपाठ वाजते. नोटेशन कुणाकडे नसते, क्लॅरिनेटवाला मोबाइल कानाला लावून दोनदा ऐकतो, तिसऱ्यांदा वाजवतो. अलीकडे त्याची एक पंचाईत होते. फर्माईश आली, की नाव टाकल्यावर पडद्यावर त्याच गाण्याच्या पाच-सहा आवृत्त्या येतात, दोन जलद, तीन संथ. मग तो नवरदेवाच्या मामाला गाठून विचारतो, “कुठलं वाजवू? जुनं का नवीन?”