मणक्यांमधील चकतीसाठी नैसर्गिक बहुवारिकांचे हायड्रोजेल

दोन मणक्यांमधील चकती झिजली असता तिच्यात भरण्यासाठी आणि तेथील किंवा बाहेरून आणलेल्या पेशींना नवे ऊतक घडवता यावे यासाठी, प्राणी, वनस्पती, शैवाल किंवा जीवाणू यांच्यापासून मिळणाऱ्या बहुवारिकांचे (लहान घटक जोडून बनलेल्या लांब साखळ्यांच्या रेणूंचे) जे पाणीदार, जाळीदार पदार्थ तयार केले जातात, त्यांना या नोंदीत नैसर्गिक हायड्रोजेल म्हटले आहे. कोलॅजेन, जिलेटिन, हायलुरोनिक आम्ल, अल्जिनेट, कायटोसॅन, फायब्रिन, जेलन गोंद आणि रेशमातील फायब्रॉइन हे त्यांतील विशेष अभ्यासले गेलेले पदार्थ होत. प्रयोगशाळेत त्यांना मिळालेले यश मोठे आहे. रुग्णांवरील वापर मात्र अजून मुख्यतः चाचण्यांपुरता आहे. या अंतराची कारणे जेलच्या रसायनात जितकी सापडतात, त्याहून अधिक चकतीच्या रचनेत सापडतात.

माणसाच्या पाठीच्या कण्यात अशा 23 चकत्या असतात. प्रत्येकीच्या मध्यभागी मऊ गाभा, त्याभोवती तंतुमय कडे आणि वर-खाली कूर्चेचे पातळ थर असतात. कड्यात कोलॅजेनचे सुमारे 15 ते 25 थर एकावर एक वेढलेले असून लगतच्या थरांतील तंतू एकमेकांच्या उलट दिशेने तिरके जातात, त्यामुळे ते ताण आणि पीळ दोन्ही सहन करते. गाभ्यात दुसऱ्या प्रकारचे कोलॅजेन आणि ॲग्रेकन हे प्रथिन-शर्करा संयुग असते. ॲग्रेकनवरील ऋण विद्युतभारामुळे आयन आणि त्यांच्यामागोमाग पाणी आत ओढले जाते. तरुणपणी गाभ्याच्या वजनाचा 80 ते 90 टक्के भाग पाणीच असते. दिवसभराच्या भाराने त्यातील काही पाणी बाहेर पडते आणि रात्री आडवे झाल्यावर परत शिरते, म्हणूनच सकाळची उंची संध्याकाळच्या उंचीपेक्षा साधारण एका टक्क्याने अधिक भरते. निसर्गाने घडवलेला हा गाभा स्वतःच एक हायड्रोजेल आहे, आणि त्याच्या जागी हायड्रोजेल भरण्याची कल्पना सुचण्याचे हेच कारण आहे.

वाढत्या वयाबरोबर ॲग्रेकन तुटते आणि पाण्याचे प्रमाण 70 टक्क्यांच्या आसपास उतरते. दाहकारक रेणू व प्रथिने तोडणारी विकरे वाढतात, गाभा तंतुमय होतो आणि कड्याला चिरा पडतात. शरीर ही झीज भरून काढू शकत नाही, कारण चकती हा शरीरातील रक्तवाहिन्यांविना जगणारा सर्वांत मोठा अवयवभाग आहे. प्रौढ माणसाच्या कमरेच्या चकतीत मध्यावरील पेशी जवळच्या केशवाहिनीपासून 6 ते 8 मिलिमीटर दूर असू शकते, आणि तिला लागणारे ग्लुकोज व ऑक्सिजन केवळ विसरणाने कूर्चेच्या थरांतून झिरपत पोहोचतात. टाकाऊ लॅक्टिक आम्ल त्याच वाटेने बाहेर पडत असल्याने तेथील वातावरण आम्लधर्मी राहते. इतक्या तुटपुंज्या पुरवठ्यावर थोड्याच पेशी जगतात. चकतीच्या आकारमानात त्यांचा वाटा सुमारे एक टक्का असतो. म्हणून जेलमध्ये भरपूर पेशी भरल्या की भरपूर ऊतक तयार होईल, हा हिशेब येथे चुकतो: पेशी वाढल्या की उपासमारही वाढते.

यांत्रिक अटीही तितक्याच कडक आहेत. 1999 मध्ये हान्स-योआखिम विल्के आणि सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या कमरेच्या चकतीत दाबमापक बसवून घेतलेल्या नोंदींत आडवे असताना दाब 0.1 मेगापास्कल, उभे असताना 0.5, तर पाठ वाकवून 20 किलोग्रॅम वजन उचलताना 2.3 मेगापास्कल आढळला. गाभ्याचा कर्तन मापांक, म्हणजे तिरक्या जोराने आकार बदलण्यास होणारा विरोध, मात्र जेमतेम 7 ते 20 किलोपास्कल असतो (1 मेगापास्कल म्हणजे 1000 किलोपास्कल). एवढा मऊ पदार्थ एवढा दाब पेलतो तो कड्याने त्याला चोहोबाजूंनी आवळून धरल्यामुळे. कडे फाटलेले असेल, तर गाभ्यासारखे हुबेहूब जेलही जागेवर राहत नाही. 1990 च्या दशकात रुग्णांमध्ये बसवलेल्या कृत्रिम हायड्रोजेलच्या गाभ्यांबाबत जागा सोडून सरकण्याची तक्रार वारंवार आली, ती याच कारणाने.

नैसर्गिक बहुवारिकांकडे संशोधक वळले ते मुख्यतः पेशींच्या दृष्टीने. कोलॅजेन किंवा फायब्रिनवर पेशीला धरून बसण्याच्या जागा आयत्या असतात, आणि विकरे त्यांचे विघटन करू शकतात म्हणून नवे ऊतक तयार होताना जुनी जाळी वाट मोकळी करून देते. पण याच गुणामुळे जेल अपेक्षेपेक्षा लवकर विरघळू शकते. शिवाय स्रोत बदलला की रेणुभार व शुद्धता बदलते, त्यामुळे एका खेपेचे निष्कर्ष दुसऱ्या खेपेला जसेच्या तसे लागू होत नाहीत.

तपकिरी शैवालापासून मिळणारे अल्जिनेट या क्षेत्रात सर्वांत जुने सोबती म्हणता येईल. कॅल्शियमचे आयन त्याच्या साखळ्यांना बांधतात आणि सामान्य तापमानालाच, पेशींना इजा न होता, जेल तयार होते. चकतीच्या पेशी सपाट काचेवर वाढवल्या तर त्या पसरून तंतुजनक पेशींसारख्या होतात. अल्जिनेटच्या मण्यांत त्या गोल राहतात आणि ॲग्रेकन बनवत राहतात, हे 1990 च्या दशकात स्पष्ट झाले आणि तेव्हापासून असे मणी चकतीच्या पेशी वाढवण्याचे नेहमीचे साधन बनले. अल्जिनेटवर पेशी चिकटत नाहीत, आणि शरीरात सोडियमने कॅल्शियमची जागा घेतली की जेल सैल पडते, या त्याच्या दोन उणिवा आहेत. सूक्ष्मजीवांपासून मिळणाऱ्या जेलन गोंदावर प्रकाशाने घट्ट होणारे रासायनिक गट बसवून पोर्तुगालमधील मिन्हो विद्यापीठात याच जातीची पर्यायी जेल तयार करण्यात आली.

कोळंबी-खेकड्यांच्या कवचांतील कायटिनपासून कायटोसॅन मिळते. बीटा-ग्लिसरोफॉस्फेट मिसळलेले त्याचे द्रावण थंड असताना पातळ राहते आणि शरीराच्या तापमानाला घट्ट होते, हे कॅनडातील संशोधकांनी 2000 साली दाखवल्यावर बारीक सुईतून गाभ्यात सोडता येणारा पदार्थ म्हणून त्याला महत्त्व आले. कायटोसॅनवर धन विद्युतभार असल्याने पेशींनी बनवलेले ऋणभारित ॲग्रेकन जेलमध्येच अडकून राहते, हा त्याचा आणखी एक फायदा.

कोलॅजेनच्या बाबतीत जपानमधील तोकाई विद्यापीठातील दाइसुके साकाई व जोजी मोचिदा यांचे काम पायाभूत मानले जाते. प्रतिकारशक्तीला डिवचणारी टोके काढून टाकलेल्या कोलॅजेनमध्ये अस्थिमज्जेतील मूलपेशी मिसळून त्यांनी त्या सशांच्या झिजवलेल्या चकत्यांत सोडल्या आणि झीज मंदावल्याचे 2003 पासूनच्या लेखांत नोंदवले. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात लॉरेन्स बोनासार यांच्या गटाने अल्जिनेटचा गाभा आणि कोलॅजेनचे कडे असलेली अख्खी चकतीच तयार केली. पेशींनी आकुंचन पावताना कोलॅजेनचे तंतू स्वतःहून वर्तुळाकार मांडले, आणि उंदरांच्या शेपटीत बसवलेल्या या चकत्या सहा महिन्यांपर्यंत टिकल्याचे 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. अर्थात उंदराच्या शेपटीतील चकती काही मिलिमीटरांची असते आणि तिच्या मध्याला पोषणाची टंचाई फारशी जाणवत नाही. शिवाय गाभ्याच्या ज्या आदिपेशी (भ्रूणावस्थेपासून उरलेल्या पेशी) माणसात साधारण दहाव्या वर्षापर्यंत नाहीशा होतात, त्या उंदीर-सशांत मोठेपणीही शिल्लक असतात. म्हणून या प्राण्यांतील यश माणसाबाबत फार भरवसा देत नाही; मेंढ्या, शेळ्या आणि बीगल जातीची कुत्री यांच्यावरील प्रयोगांना त्यामुळेच अधिक वजन दिले जाते.

गाभ्यात जेल पोहोचवण्यासाठी कड्याला भोक पाडावे लागते, ही या पद्धतीतील सर्वांत अवघड अडचण आहे. चकतीत सुईने रंगद्रव्य सोडून केलेल्या तपासणीनंतर दहा वर्षांनी त्या चकत्यांत झीज अधिक आढळल्याचे यूजीन कॅरागी आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दाखवले. 2012 मधील सशांवरील एका प्रयोगात भोकातून बाहेर झिरपलेल्या मूलपेशींमुळे मणक्यांच्या कडांना हाडाचे काटे आल्याचे आढळले. त्यामुळे कडे शिवणे किंवा सांधणे हा आता वेगळा अभ्यासविषय झाला आहे. रायबोफ्लेविन व प्रकाश यांनी घट्ट केलेले दाट कोलॅजेन हा त्यावरील एक उपाय आहे. आयआयटी गुवाहाटीतील बिमन मंडल यांच्या गटाने 2018 मध्ये रेशमाचे तिरक्या थरांचे कडे मांडले, ते मात्र काटेकोर अर्थाने जेल नसून सच्छिद्र आधारजाळी आहे.

रुग्णांवरील चाचण्यांत हायलुरोनिक आम्ल आघाडीवर आहे, पण तेथे ते भार पेलणारे जेल म्हणून नव्हे, तर पेशींचे वाहक म्हणून वापरले जाते. मेसोब्लास्ट कंपनीच्या 404 रुग्णांवरील तिसऱ्या टप्प्यातील चाचणीत एका गटाला 60 लाख पेशी, दुसऱ्याला हायलुरोनिक आम्लासह तेवढ्याच पेशी आणि तिसऱ्याला खारे पाणी देण्यात आले. 2021 मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत वेदना व हालचाल यांचे मिळून ठरवलेले मुख्य उद्दिष्ट गाठले गेले नाही, मात्र हायलुरोनिक आम्लासह पेशी दिलेल्यांची वेदना कमी झालेली दिसली. केवळ हायलुरोनिक आम्ल दिलेला गट या चाचणीत नसल्याने त्यातील वाहकाचा वाटा किती, हे तीवरून ठरवता येत नाही.

होक्काइदो विद्यापीठातील हिदेकी सुदो यांच्या गटाने वेगळी वाट धरली. सरकलेला गाभा शस्त्रक्रियेने काढल्यावर उरणाऱ्या पोकळीत अतिशुद्ध अल्जिनेट भरायचे आणि वरून कॅल्शियमचे द्रावण सोडून ते जागीच घट्ट करायचे, अशी ही पद्धत आहे. तीत बाहेरच्या पेशी नसल्याने त्यांच्या पोषणाचा प्रश्न उद्भवत नाही, आणि कडे शस्त्रक्रियेसाठी आधीच उघडलेले असल्याने नवे भोकही पाडावे लागत नाही. ससे व मेंढ्यांवरील निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाल्यानंतर ही पद्धत माणसांवरील चाचण्यांपर्यंत पोहोचली. तिचा रोख गाभा सरकलेल्या आणि शस्त्रक्रिया ठरलेल्या रुग्णांपुरता आहे. चकती नुसतीच झिजून पाठ दुखणाऱ्या, संख्येने कितीतरी मोठ्या गटासाठी सुईचा आणि उपासमारीचा प्रश्न तसाच उरतो.