लंबगोल दिसली म्हणून लंबवर्तुळाकार नसते

डिसेंबरात रानडुकरांपासून ज्वारी राखायला शेतात मुक्काम होता, तेव्हा सहा इंची दुर्बीण सोबत नेली. देवयानी दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा एक प्रचंड समूह, लावून तात्यांना बोलावलं. डोळा लावून म्हणाले, "पिठाचं बोट पुसल्यागत दिसायलंय की रे."

अगदी तसंच दिसतं. फक्त तो लंबगोल डाग बघून तिला लंबवर्तुळाकार, म्हणजे भुजा नसलेल्या गोळ्यासारख्या प्रकारातली, म्हटलं की फसलात. २५ लाख प्रकाशवर्षांवरची ही देवयानी सर्पिल आहे, म्हणजे वळणदार भुजा असलेली चपटी तबकडी. ताट तिरकं धरलं की लांबट दिसतं, तशी ती आपल्याकडून कलती दिसते. त्यात लहान दुर्बिणीत उजळतो तो मधला भाग, भुजा फिक्या पडतात. गंमत म्हणजे तिला खेटूनच एम ३२ नावाचा धूसर ठिपका असतो. लंबवर्तुळाकार आहे ती ही धाकटी!

खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलने १९२६ साली दीर्घिकांचे गट पाडले ते रूपावरून. पण अंडंही टोकाकडून बघितलं तर गोलच दिसतं. म्हणून मला रूपापेक्षा आतल्या ताऱ्यांची चाल बघणं पटतं.

पूर्वी खळ्यावर तिवड्याभोवती बैलांची पात फिरायची, सगळी एकाच दिशेने. सर्पिल दीर्घिकेच्या तबकडीतले तारे तसे फिरतात. मोठ्या लंबवर्तुळाकार दीर्घिकेत मात्र दिव्याभोवतीच्या चिलटांचा कारभार: जो तो आपल्या वाटेने.

सर्पिल भुजा म्हणजे ताऱ्यांच्या बांधून ठेवलेल्या माळा नव्हेत. उसाचा ट्रॅक्टर रस्त्यात रखडला की मागे गर्दी होते. गाड्या पुढे निघून जातात, नव्या येतात, गर्दी तशीच राहते. बऱ्याच सर्पिल दीर्घिकांत भुजा अशाच गर्दीच्या पट्ट्या असतात. तिथे थंड वायू दाटतो, नवे तारे जन्मतात, आणि त्यातल्या तापट, निळ्या ताऱ्यांमुळे भुजा झळकतात. लंबवर्तुळाकार दीर्घिकेत हा थंड वायू जवळजवळ संपलेला असतो. उरतात म्हातारे, पिवळसर-तांबूस तारे. त्यातल्या मोठ्या बहुतेक दीर्घिका इतर दीर्घिका एकमेकींत मिसळून वाढलेल्या आहेत.

दोन्ही एकाच रात्री बघायच्या तर एप्रिल-मे धरा, माळवदावर झोपायचे दिवस. कन्या राशीत एम ८७ शोधा. साधारण साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवरची ही लंबवर्तुळाकार दीर्घिका. २०१९ साली कृष्णविवराचं पहिलं चित्र जाहीर झालं ते हिच्याच पोटातल्या. दुर्बिणीत मात्र मधोमध उजळ, कडेला विरत गेलेला गोळा. मग सप्तर्षींच्या शेपटीच्या टोकाला, मरीची ताऱ्याजवळ, सर्पिल एम ५१ बघा. सहा इंचीत शेजारी शेजारी दोन डाग दिसतात, बस्स. पण खगोलनिरीक्षक लॉर्ड रॉसने १८४५ साली आयर्लंडात ७२ इंची दुर्बीण तिच्यावर रोखली तेव्हा त्याला भोवऱ्यासारखी नक्षी दिसली आणि त्याने ती कागदावर काढून ठेवली. तीच दुर्बीण एम ८७ वर लावली असती तरी गोळाच दिसला असता, फक्त जास्त उजळ.