पिवळं पाणी म्हणजे पू नव्हे

जाऊबाईंच्या स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशनचा तो पाचवा दिवस. त्यांच्या गाऊनला सेफ्टी पिनने अडकवलेली ड्रेनची, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीची, बाटली आत्याबाईंनी खिडकीच्या उजेडात धरली, आतलं पिवळसर पाणी हलवून बघितलं आणि म्हणाल्या, "पू येऊलालाय की गं हिला. आजपासनं वरण बंद करा. आंबट तर दाखवू सुद्धा नका."

दुसऱ्या दिवशी ताटात ज्वारीची भाकरी आणि दुधीची भाजी, बस. तूरडाळीसाठी देशभर नाव असलेल्या लातूरपासून गाव अर्ध्या तासावर, आणि ज्या बाईला त्या घडीला डाळीची सगळ्यात जास्त गरज तिच्याच ताटातून डाळ गायब. आत्याबाईंच्या मनात माया सोडून दुसरं काही नव्हतं. त्यांच्या आईने, आजीने हेच सांगितलेलं: जखमेत डाळ, भात, आंबट खाल्लं की पाणी होतं, पाण्याचा पू होतो. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही. पण ती बाटली मी रोज मोजत होते, आणि तिच्यातलं पाणी लालाचं पिवळं झालं याचा मला मनापासून आनंद झाला होता. तो का, ते सांगण्यासाठी हा लेख.

आधी ऑपरेशनबद्दल थोडं. स्तनाचा कर्करोग असेल तेव्हा काही जणींचा अख्खा स्तन काढावा लागतो, त्याला मॅस्टेक्टमी म्हणतात. मग त्याच वेळी किंवा काही महिन्यांनी नवा स्तन घडवता येतो. एक तर सिलिकॉनचं इम्प्लांट बसवतात, नाही तर स्वतःच्याच शरीरातला भाग वापरतात. जाऊबाईंच्या पाठीवरचा लॅटिसिमस डॉर्सी हा रुंद स्नायू आणि त्यावरची थोडी कातडी काखेखालून पुढे वळवून छातीवर बसवली. या तुकड्याला फ्लॅप म्हणतात. त्याची रक्तवाहिनी तोडत नाहीत, मुळासकट वळवतात. टान्सिनी या इटालियन सर्जनने 1906 मध्ये हा पाठीचा फ्लॅप वर्णन केला. पण मूळ न तोडता कातडी फिरवायची युक्ती आपल्याकडे त्याहून कितीतरी जुनी. टिपूच्या कैदेत नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याकडच्या एका कारागिराने कपाळाची कातडी खाली वळवून नाक करून दिलं. ती हकीकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर 1794 ला छापून आली आणि तिकडचे सर्जन ही विद्या शिकायला लागले. तो कारागीर विटा भाजणाऱ्यांच्या जातीतला होता, असं त्यात लिहिलंय.

आता बाटली. माझा जीव अडकलाय तो तिच्यातच.

भाकरी तव्यावर टम्म फुगते तेव्हा काय होतं? आतल्या पाण्याची वाफ होते आणि वरचा पापुद्रा खालच्यापासून सुटतो. स्तन काढताना सर्जनला कातडी खालच्या स्नायूपासून अशीच सोडवावी लागते, आणि पाठीवरचा स्नायू उचलला की तिथेही तळहातापेक्षा मोठी पोकळी राहते. वरून टाके घातले तरी आतले दोन थर सुटेच असतात. ते एकमेकांना चिकटायला हवेत. चिकटवणारा डिंक शरीर स्वतः बनवतं: रक्तातल्या फायब्रिनोजेन या प्रथिनापासून फायब्रिनचे बारीक धागे तयार होतात आणि दोन्ही थरांना धरतात. पण मधे पाण्याचा थर साचला तर या धाग्यांना पलीकडचा काठच सापडत नाही. अशा साचलेल्या पाण्याला सिरोमा म्हणतात. पाठीच्या फ्लॅपमध्ये तो पाठीवरच जास्त होतो, म्हणून पाठीची नळी सगळ्यात शेवटी निघते.

पाणी येतं कुठून? इथे थोडं गणित आहे, सावकाश वाचा. आपल्या केशवाहिन्या कायम पाझरत असतात. आतला दाब पाणी बाहेर ढकलतो. धमनीकडच्या टोकाला तो पाऱ्याचा सुमारे 35 मिलिमीटर, शिरेकडच्या टोकाला 15 च्या आसपास. उलट बाजूने रक्तातली प्रथिनं, मुख्यतः अल्ब्युमिन, साधारण 25 मिलिमीटरच्या ओढीने पाणी आत धरून ठेवतात. हा हिशेब अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञाने 1896 मध्ये मांडला. जे थोडं पाणी बाहेर उरतं ते लसिकावाहिन्या, म्हणजे शरीरातले बारीक चर, गोळा करून परत रक्तात सोडतात. ऑपरेशनमध्ये हा हिशेब तीन ठिकाणी बिघडतो. केशवाहिन्या कापल्या जातात. जखमेच्या दाहाने उरलेल्यांच्या भिंती सैल होतात, त्यामुळे पाण्याबरोबर अल्ब्युमिनही बाहेर पडतं आणि बाहेर बसून तेच पाणी ओढायला लागतं. आणि काखेतल्या लसिकाग्रंथी काढल्या असतील तर चरच तुटलेले असतात. नदी पाझरतेय आणि कॅनॉल फुटलाय, तर पाणी खोलगट जागेत साचणारच.

पहिले दोन दिवस त्यात रक्त असतं, म्हणून बाटलीतलं पाणी लाल दिसतं. फुटलेल्या वाहिन्या बंद होत जातात तसतसं ते डाळिंबाच्या पातळ रसासारखं, मग गुलाबी आणि शेवटी गव्हाच्या काडीच्या रंगाचं होतं. हा पिवळा रंग रक्तद्रवाचा स्वतःचा रंग. तो आला म्हणजे लाल पेशी यायच्या थांबल्या. पू वेगळा: दाट, गढूळ, वास मारणारा. आत्याबाईंनी उजेडात धरलेल्या बाटलीतून पलीकडची खिडकीची जाळी स्वच्छ दिसत होती.

ही बाटली करते काय? जाऊबाईंची बाटली पेटीच्या भात्यासारखी घडीची होती, आत स्प्रिंगा. ती दाबून चपटी करायची आणि दाबलेली असतानाच बूच लावायचं. स्प्रिंगांना उघडायचं असतं पण हवा आत येऊ शकत नाही, त्यामुळे बाटलीतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो. आपण म्हणतो बाटली पाणी 'ओढते'. खरं बघितलं तर ओढणारं असं कोणी नसतं. बाहेरची हवा समुद्रसपाटीला पाऱ्याच्या 760 मिलिमीटरच्या दाबाने कातडीवर बसलेली असते. आतून दाब कमी केला की हीच हवा कातडीला स्नायूवर दाबून धरते आणि मधलं पाणी नळीकडे ढकलते. स्ट्रॉने सरबत वर येतं तेही वातावरणाच्या याच दाबाने. म्हणजे ड्रेन दोन कामं एकदम करतो, पाणी काढतो आणि दोन थर एकमेकांवर धरून ठेवतो. मला हे दुसरं काम जास्त मोलाचं वाटतं, कारण तेच माणसांच्या लक्षात येत नाही. बाटली फुगून मोकळी झाली की ती नुसतीच लोंबत असते, म्हणून "अजून अर्धीच भरलीय, राहू द्या" हे चुकीचं.

ती कमरेपेक्षा वर ठेवू नये याचंही कारण मोजता येतं. नळीतला 30 सेंटिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ पाऱ्याच्या सुमारे 22 मिलिमीटर दाबाएवढा असतो. बाटली खाली असेल तर तेवढी मदत, वर असेल तर तेवढा विरोध.

आमचा रोजचा क्रम असा असे. संध्याकाळी सहाला साबणाने हात धुवायचे. मग नळी 'दुहायची'. हा शब्द जाऊबाईंचाच, घरी दोन म्हशी आहेत. एका हाताच्या चिमटीत नळी कातडीजवळ घट्ट धरायची, तिथे ताण बसता कामा नये. दुसऱ्या हाताने स्पिरिटचा बोळा लावून चिमटी बाटलीकडे सरकवत न्यायची. आतली रक्ताची गुठळी सुटते आणि गांडुळासारखी बाटलीत घरंगळते. बाटलीच्या तोंडाला हात न लावता बूच उघडायचं, पाणी मापाच्या ग्लासात ओतायचं, भाता चपटा करायचा, बूच लावायचं आणि छातीचा व पाठीचा आकडा वहीत वेगवेगळा लिहायचा. बहुतेक सर्जन 24 तासांत 30 मिलिलिटरपेक्षा कमी पाणी आलं की नळी काढतात. आमच्यांनी सलग दोन दिवस तसं दिसायला हवं म्हणून सांगितलं होतं. पाणी एकदम वाढलं, पिवळ्याचं पुन्हा लाल झालं, वास आला, ताप 38 अंश सेल्सिअसच्या वर गेला किंवा फ्लॅपची कातडी निळी-काळी पडली, तर सकाळ व्हायची वाट न बघता फोन करायचा. नळी निघाल्यावर पाणी डचमळतंय असं वाटलं तर डॉक्टर ते सुईने काढतात. घरी दाबायचं नाही, टोचायचं तर मुळीच नाही.

आता डाळ आणि आंबट. जखम जोडणारा खरा दोर कोलॅजेन, हे प्रथिन. ते अंगात तयार व्हायचं तर अन्नातून प्रथिन यायला हवं. एरवी किलोमागे 0.8 ग्रॅम पुरतं, ऑपरेशननंतर 1.2 ते 1.5 ग्रॅम सांगतात. म्हणजे 50 किलोच्या बाईला दिवसाला 60 ते 75 ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात सात-आठ. भाकरी आणि दुधीवर हा आकडा गाठता येत नाही. शेंगदाण्याची चटणी, दही, मटकी, अंडी, जे चालतं ते सगळं हवं.

कोलॅजेन तीन पदरी दाव्यासारखं वळलेलं असतं. पीळ टिकायला त्यातल्या प्रोलीन या घटकावर ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी बसवावी लागते, आणि ती बसवणाऱ्या एन्झाइमला क जीवनसत्त्व लागतं. जोडी नसेल तर हा पीळ साधारण 24 अंशांनाच सुटतो, आणि आपलं शरीर 37 अंशांवर चालतं. जेम्स लिंड या आरमारी सर्जनने 1747 मध्ये स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्व न मिळाल्याने होणारा रोग, झालेल्या खलाशांना लिंबं-संत्री देऊन बरं केलं. त्या रोगात जुने भरलेले व्रणसुद्धा उकलतात. दृष्ट काढायला घरात लिंबू आणलंच असेल तर ते तिच्या वरणात पिळा. पेरू त्याहूनही चांगला.

मिश्रीबद्दल मात्र मी हात जोडून सांगते. "तंबाखू खाता का?" असं डॉक्टरांनी विचारलं की आपल्याकडच्या बायका खरेपणाने "नाही" म्हणतात, कारण मिश्री त्यांच्या लेखी दात घासायची वस्तू. ती भाजलेली तंबाखूच आहे. हिरडीतून निकोटीन रक्तात जातं, बारीक वाहिन्या आवळतं, आणि फ्लॅपच्या काठांना रक्त पोचतं ते नेमकं त्याच वाहिन्यांतून. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर निदान चार-चार आठवडे ती बंद हवी, आणि ती लावत असाल हे सर्जनला आपणहून सांगायला हवं.

दुसरं, शेक. पाठ आखडते म्हणून गरम पाण्याची पिशवी देतात. पण ऑपरेशनमध्ये कातडीच्या नसा तुटलेल्या असतात, नव्या स्तनावर आणि पाठीच्या व्रणाजवळ स्पर्श कळत नाही. एरवी चटका बसला की हात आपोआप मागे येतो, इथे तसा निरोपच मेंदूकडे जात नाही. 60 अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं. त्या जागी शेक नको, चुलीपुढे उघडं बसणं नको.

छातीची नळी आठव्या दिवशी निघाली, पाठीची सतराव्या. घागर, हंडा, लेकराला उचलणं सर्जनने हो म्हणेपर्यंत बंद होतं. बोटं, मनगट, कोपर मात्र पहिल्या दिवसापासून चालू. पाठीचा हा स्नायू वर गेलेला हात खाली आणि मागे ओढतो, आडातून पाणी शेंदताना तोच लागतो. खांद्याचे बाकीचे स्नायू बरंचसं काम हळूहळू उचलतात, त्यांना तेवढा वेळ द्यावा लागतो. परवानगी मिळाल्यावर जाऊबाई भिंतीकडे तोंड करून बोटं मुंगीसारखी वर चढवायला लागल्या. जिथे दुखायला लागे तिथे पुतण्या पेन्सिलीने रेघ मारायचा आणि तारीख घालायचा. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी त्या रेघा अजून आहेत. पहिली माझ्या खांद्याच्या खाली. अकराव्या आठवड्यातली, आत्याबाईंनी डाळीचे डबे ठेवलेल्या फळीच्या वर चार बोटं.