४२९४९६७२९७

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. २ च्या ३२ व्या घातात १ मिळवला की ही संख्या येते. घातांक स्वतःच २ चा घात असलेल्या २ च्या घातात १ मिळवून येणारी संख्या म्हणजे फर्मा संख्या; शून्यापासून क्रम लावल्यास ही पाचवी. ती संयुक्त असून ६४१ आणि ६७००४१७ हे तिचे मूळ अवयव आहेत.

अशी प्रत्येक संख्या मूळ असते, असे फ्रेंच गणितज्ञ पिएर द फर्मा यांनी १६४० मध्ये मांडले. ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ या पहिल्या पाच संख्या खरोखरच मूळ आहेत. डिसेंबर १७२९ मध्ये गणितज्ञ गोल्डबाख यांनी पत्रातून गणितज्ञ ऑयलर यांचे या विधानाकडे लक्ष वेधले. १७३२ मध्ये ऑयलर यांनी ६४१ हा विभाजक दाखवला आणि विधान कोसळले.

हा विभाजक चाचपडत सापडलेला नाही. या संख्येचा कोणताही मूळ विभाजक ६४ च्या पटीपेक्षा १ ने मोठा असावा लागतो, हे ऑयलर यांनी सिद्ध केले. मग तपासायला उरतात १९३, २५७, ४४९, ५७७ आणि पाचवी ६४१. पुढे फ्रेंच गणितज्ञ ल्युका यांनी ६४ च्या जागी १२८ आणले. तेव्हा तर २५७ आणि ६४१ एवढेच उरतात. त्यातली २५७ ही स्वतः फर्मा संख्या, आणि कोणत्याही दोन फर्मा संख्यांना १ खेरीज सामाईक विभाजक नसतो. म्हणजे पहिलाच खरा उमेदवार ६४१!

भागाकार न करताही हे पटते, आणि ही सिद्धता फार देखणी आहे. ६४१ म्हणजे ५ गुणिले १२८ अधिक १. तसेच ६२५ अधिक १६. पहिल्या रूपावरून, ६४१ ने भागताना ५ × १२८ ची बाकी −१ धरता येते. चौथा घात घेतला की ६२५ गुणिले २ चा २८ वा घात याची बाकी १ होते. दुसऱ्या रूपावरून ६२५ च्या जागी −१६ ठेवायचे. २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१ येते, काम झाले.

फर्मा यांच्याच लघुप्रमेयावर आधारलेली मूळत्वाची कसोटी (पायाचा घात संख्येहून १ ने लहान घातांकाने घ्यायचा आणि त्या संख्येने भागल्यावर बाकी १ येते का पाहायचे) पाया २ घेऊन लावली, तर ही संख्या मूळ नसूनही सहीसलामत उत्तीर्ण होते. पाया ३ घेतल्यास मात्र पकडली जाते. दोन वर्गांची बेरीज म्हणूनही ती दोन प्रकारे लिहिता येते: ६५५३६ व १ यांचे वर्ग, किंवा ६२२६४ व २०४४९ यांचे वर्ग. मूळ संख्येला असे दोन प्रकार कधीच नसतात, म्हणून तिचे संयुक्तपण इथूनही सिद्ध होते.

तिच्याहून २ ने लहान असलेली ४२९४९६७२९५ ही आधीच्या पाचही फर्मा संख्यांचा गुणाकार आहे. गाउस यांच्या सिद्धांतानुसार तितक्या बाजूंचा सुसम बहुभुज केवळ पट्टी आणि कंपासने काढता येतो. ४२९४९६७२९७ बाजूंचा येत नाही. ६५५३७ नंतरची एकही मूळ फर्मा संख्या आजवर सापडलेली नाही.